ओर्तोना : संत थॉमसाची ठेव

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं वाचकांचें लक्ष इटालीच्या एका लहानशा बंदराकडे वेधण्याची इच्छा आहे. यात्रेकरू रोमला जातात, लोरेतोला जातात. परंतु एड्रियाटिक समुद्राच्या कांठीं वसलेल्या ओर्तोना नगराचें नांव आपल्याकडे फारसें ऐकूं येत नाहीं. वास्तविक ज्या प्रेषितानें हिंदुस्थानांत प्रभूची सुवार्ता आणिली व मैलापूर येथें आपलें रक्त सांडिलें अशी आपली परंपरा आहे, त्या संत थॉमसाच्या म्हणून पूजिल्या जाणाऱ्या अस्थी या नगरानें साडेसातशेंहून अधिक वर्षें जतन केल्या आहेत. एखादी पवित्र ठेव हातीं आली असतां ती राखण्यासाठीं एका गांवाला काय काय सोसावें लागतें, हें पाहावयाचें असेल तर ओर्तोनाला जावें.

खालीं समुद्राचा कांठ आहे. नगर मात्र वर उंच कड्यावर आहे. कड्याच्या टोकावर आरागोनच्या राजवटींत, पंधराव्या शतकांत, बांधलेला किल्ला उभा आहे. किल्ल्यावरून खालीं बंदर दिसतें, आणि जुन्या वस्तींतून थोडें चाललें कीं संत थॉमसाचें महामंदिर लागतें. त्याच्या तळघरांतील वेदीखालीं त्या अस्थी ठेविलेल्या आहेत. जवळच एक जुनी शिळा आहे. तिच्यावर एका साधुपुरुषाची अर्धाकृती कोरलेली असून ग्रीक अक्षरांत थॉमसाचें नांव आहे.

हिंदुस्थानांतील अस्थी इतक्या दूर कशा गेल्या? चौथ्या शतकांत सीरियाचे संत एफ्रेम यांनीं आपल्या गीतांत सांगितलें आहे कीं, एका व्यापाऱ्यानें त्या हिंदुस्थानांतून एदेसा नगरीं आणिल्या. त्याच शतकांत एगेरिया नांवाची यात्रेकरू स्त्री थॉमसाच्या समाधीच्या दर्शनासाठीं एदेसाला गेली होती. पुढें इ. स. ११४४ मध्यें एदेसा मुसलमानांच्या हातीं पडलें, आणि ख्रिस्ती लोकांनीं त्या अस्थी खिओस बेटावर नेल्या असें परंपरा सांगते. इ. स. १२५८ मध्यें राजा मानफ्रेडच्या आरमारांतील लेओने आच्चायुओली हा ओर्तोनाचा कप्तान तीन गलबतें घेऊन त्या बेटावर उतरला. तेथून अस्थी व समाधीची शिळा घेऊन तो ६ सप्टेंबर १२५८ रोजीं स्वदेशीं परतला. दुसऱ्याच वर्षीं या हकीकतीची साक्ष बारी येथें लेखनिविष्ट करण्यांत आली. प्रभूच्या जखमा पाहिल्यावांचून विश्वास न ठेवणाऱ्या प्रेषिताच्या बाबतींत लोकांनीं पुरावा जपून ठेवावा, हें शोभणारेंच होतें.

परंतु ठेव मिळणें निराळें आणि ती राखणें निराळें. १५६६ सालच्या ऑगस्ट महिन्यांत पियाले पाशाच्या तुर्की आरमारानें ओर्तोनावर हल्ला केला. नगर लुटलें गेलें, चर्चला आग लावण्यांत आली. तरी अस्थी वांचल्या आणि चर्च पुनः उभें राहिलें.

त्याहून भयंकर प्रसंग दुसऱ्या महायुद्धांत आला. सप्टेंबर १९४३ मध्यें इटालीचा राजा रोम सोडून निघाला, तो याच बंदरांतून रात्रीच्या अंधारांत जहाजावर चढला. राजा निघून गेला. प्रजा मागें राहिली. डिसेंबरांत कॅनडाचें सैन्य आणि जर्मन छत्रीधारी सैनिक यांच्यामध्यें ओर्तोनाच्या गल्लीगल्लींतून, घराघरांतून सुमारें आठ दिवस झुंज चालली. २१ डिसेंबर रोजीं प्रचंड स्फोट होऊन महामंदिराचा अर्धा घुमट आणि उजवी बाजू ढासळली. त्या काळच्या दिनदर्शिकेप्रमाणें तो संत थॉमसाच्या सणाचाच दिवस होता! (हा सण १९६९ पासून ३ जुलै रोजीं पाळला जातो.) नगरांतील तेराशेंहून अधिक नागरिक त्या युद्धांत प्राणास मुकले.

नगराबाहेर मोरो नदीजवळच्या दफनभूमींत सोळाशेंहून अधिक सैनिक विसांवले आहेत. त्यांपैकीं बहुतेक कॅनडाचे. मराठी वाचकानें मात्र आणखी थोडें दक्षिणेस, सांग्रो नदीपर्यंत, अवश्य जावें. कॅनडाच्या सैन्याच्या शेजारीं हिंदी फौजेची आठवी डिव्हिजन लढत होती आणि तिच्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटण होती. सांग्रोच्या दफनभूमींत, ज्यांना अग्नि दिला गेला अशा पांचशेंहून अधिक हिंदी सैनिकांचें स्मारक आहे. प्रेषिताच्या अस्थी आपल्या देशांतून ज्या किनाऱ्यावर गेल्या, त्याच किनाऱ्यावर आपल्या देशाच्या लेंकरांची रक्षा पडली आहे. ते बहुधा आपल्या धर्माचे नव्हते. पण आपल्या मातीचे होते. त्यांच्यासाठीं दोन क्षण मस्तक लववावें.

ओर्तोनाच्या लोकांनीं ढिगाऱ्यांतून पुनः चर्च उभारलें आणि सप्टेंबर १९४९ मध्यें तें उपासनेसाठीं खुलें झालें. पुढें चारच वर्षांनीं त्यांनीं आपल्या ठेवींतील एक भाग मोकळ्या हातानें परत दिला. प्रेषिताच्या उजव्या हाताचें एक हाड घेऊन कार्डिनल तिसेरां डिसेंबर १९५३ मध्यें केरळांतील कोडुंगल्लूरजवळच्या अळिक्कोड येथें आले. थॉमस जेथें प्रथम उतरला असें आपण मानतों, तेथेंच त्याचा हात परत आला. जी वस्तु प्राणापलीकडे जपली, ती बांधवांना वांटून देण्यांतही ओर्तोनानें कमीपणा मानिला नाहीं.

दरवर्षीं मे महिन्याच्या आरंभीं तेथें 'पेर्दोनो' म्हणजे क्षमेचा उत्सव होतो. चांदीच्या किल्ल्या वाजतगाजत चर्चकडे नेल्या जातात, आणि त्या किल्ल्यांनीं संताची रौप्यमूर्ति दर्शनासाठीं खुली होते.

वसईंत सांडोर येथें याच प्रेषिताच्या नांवाचें चर्च आहे. त्याचें नांव धारण करणारीं माणसें आपल्या घरोघरीं आहेत. ज्युबिलीच्या दिवशीं आपण भिंतींची वर्षें मोजतों. ओर्तोनाच्या भिंती कितीदां तरी पडल्या. तरीही तेथील श्रद्धेची परंपरा खंडित झाली नाहीं. आपल्या पूर्वजांनीं आपल्या हातीं दिलेली श्रद्धेची ठेव आपणही तशीच राखूं व मुलांबाळांना वांटून देऊं, एवढीच कृपा संत थॉमसाच्या मध्यस्थीनें प्रभु आपल्या धर्मग्रामाला देवो.