बसून कमावलेलं दुखणं

बसून पोट भरणारी माणसं बंगळुरात संगणकाच्या फार आधीपासून आहेत. 1638 नंतर हे गाव शहाजीराजांच्या जहागिरीत आलं तेव्हाही पेठेत माग चालू होते. टिपूचा पाडाव झाल्यावर, 1800 साली, गव्हर्नर-जनरल वेलस्लीनं फ्रान्सिस बुकाननला म्हैसूरचा मुलूख पाहायला धाडलं. त्यानंही इथल्या विणकरांच्या जाती नोंदवून ठेवल्या. आम्ही नामदेव शिंपी. घरात मराठी, दुकानात कन्नड. आज्जा कपडे शिवायचे, मी फिजिओथेरपिस्ट. बैठकीच्या हाडांशी असा आमचा दोन बाजूंनी संबंध.

ही हाडं दोन. ताठ बसलं की कंबरेवरचं वजन त्यांच्या टोकांवर येतं. उभं असताना नितंबाचा मोठा स्नायू त्यांना झाकून असतो, बसताना तो वर सरकतो. मग हाड आणि फळी यांच्यामध्ये उरते कातडी, थोडी चरबी आणि घर्षण सोसणारी एक पातळ पिशवी. तिलाच सूज येते. इंग्रज वैद्यांनी या आजाराला विणकराच्या बुडाचं नाव दिलं, ते उगाच नव्हे. खड्डामागावर विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात, पावड्यांवर. एक पावडी दाबली की भार एका हाडावर, दुसरी दाबली की दुसऱ्यावर. धोटा जितक्या वेळा फिरतो तितक्या वेळा ही घासाघीस. खाली गोणपाटाची घडी, आणि माणूस काटकुळा असला तर चरबीचाही आधार नाही.

इटलीतल्या मोदेनात 1700 साली रामाझ्झिनी नावाच्या वैद्यानं कारागिरांच्या आजारांवर अख्खं पुस्तक लिहिलं. मांडी घालून शिवणाऱ्या शिंप्यांच्या मांड्या बधिर होतात, कंबर धरते, हे त्यानं पाहिलं होतं. बैठ्या कारागिरांनी निदान सुटीच्या दिवशी तरी अंग हलवावं, असा त्याचा सल्ला. सुटीपुरतं हलून भागत नाही, हे मी रोज पाहते.

आज्जा काजं आणि तुरपाई जमिनीवर बसूनच करत. पण प्रत्येक कपड्यागणिक उठावं लागे. कोळशाची इस्त्री कोपऱ्यात, कापायचं टेबल उभ्यानं वापरायचं, वर गिऱ्हाइकाचं माप. त्यात आरोग्याचा विचार बिलकुल नव्हता. दुकानाची मांडणीच तशी. जुन्या माणसांना सगळं कळत होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. खड्ड्यातल्या विणकराला अशी सोय कुठे होती?

माझ्याकडे येणारे आता बहुतेक संगणकवाले. मीटिंगमध्ये बसलेले, मग घरी जाताना सिल्क बोर्डच्या चौकातल्या कोंडीत बसलेले. त्या चौकाला ज्याचं नाव आहे ते रेशीम मंडळ, म्हणजे गाडीत बसून हाड दुखवून घ्यायचं तेही विणकरांच्याच कच्च्या मालाच्या दारात!

दुखलं की बहुतेक जण वाकून पायाचे अंगठे धरायला लागतात. मांडीमागच्या स्नायूंच्या कंडरा याच हाडाला चिकटलेल्या असतात. दुखणं त्यांचं असेल तर या ताणानं त्या हाडावर आणखी दाबल्या जातात. योगवर्गातले उत्साही लोक असे हटकून येतात. बंगळुराजवळच्या बेल्लूरमध्ये जन्मलेल्या आणि पुण्यात रमलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी बैठकीखाली घोंगडीची घडी द्यायला शिकवलं, ते मला जास्त पटतं. घडीनं ओटीपोट पुढे झुकतं, कणा ताठ राहतो.

मी सांगते ते साधं आहे. अर्ध्या तासानं उठा. मऊ पण पार चेपून न जाणारी उशी घ्या. मागच्या खिशातलं पाकीट काढा. ताण काही आठवडे बंद. पाठीवर झोपून कंबर उचलायचा व्यायाम हळूहळू वाढवा, सुरुवातीला थोडं दुखलं तरी चालेल, दुसऱ्या दिवशी वाढलेलं नको. आणि पायात बधिरपणा उतरत असेल, बैठकीची जागाच सुन्न वाटत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर माझ्याकडे येऊ नका. त्याच दिवशी इस्पितळात जा.