एलेम क्लिमॉव्ह : पाच कथापट आणि दीर्घ मौन

एलेम क्लिमॉव्ह (९ जुलै १९३३ – २६ ऑक्टोबर २००३) हे सोव्हिएत काळातील एक महत्त्वाचे रशियन चित्रपट दिग्दर्शक. 'कम अँड सी' या युद्धपटामुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. मात्र दोन दशकांच्या कारकिर्दीत त्यांना अवघे पाच कथापट पूर्ण करता आले. प्रतिभेइतकीच त्यांच्या चिकाटीची कसोटी पाहणारी ही कारकीर्द होती.

जडणघडण

क्लिमॉव्ह यांचा जन्म स्टालिनग्राडचा. १९४२ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, आई आणि तान्ह्या भावासह त्यांनी व्होल्गा नदी ओलांडली, तेव्हा मागे शहर जळत होते. ते दृश्य त्यांच्या मनातून कधीच पुसले गेले नाही. पुढे त्यांनी १९५७ मध्ये मॉस्कोच्या विमानविद्या संस्थेतून पदवी घेतली. परंतु नंतर ते चित्रपटाकडे वळले आणि मॉस्कोतील 'व्हीजीआयके' या राष्ट्रीय चित्रपट संस्थेत दाखल झाले.

विनोदातून उपरोध

'वेलकम, ऑर नो ट्रेसपासिंग' (१९६४) हा पहिला कथापट मुलांच्या उन्हाळी शिबिरावर बेतलेला आहे. नियमांच्या आहारी गेलेला शिबिरप्रमुख आणि नदी पोहून गेल्याबद्दल हाकलला गेलेला खोडकर मुलगा यांची ही गोष्ट वरकरणी बालपटाची. तिचा रोख मात्र नोकरशाहीवर होता. 'ॲडव्हेंचर्स ऑफ अ डेंटिस्ट' (१९६५) मध्ये वेदना न होऊ देता दात काढणाऱ्या तरुण दंतवैद्याची कलाच त्याच्या मुळावर येते. गुणवंताला समाज सहन करत नाही, हा त्यातील सूर अधिकाऱ्यांना रुचला नाही आणि चित्रपटाच्या मोजक्याच प्रती प्रदर्शित झाल्या.

झारशाहीच्या अखेरच्या दिवसांतील रासपुतिनवरचा 'ॲगनी' १९७५ मध्ये पूर्ण झाला. त्यातील दुसऱ्या निकोलसचे चित्रण अधिकृत इतिहासाला मानवणारे नव्हते. परिणामी मायदेशी तो प्रदर्शित व्हायला १९८५ साल उजाडले.

पत्नीचा अपूर्ण चित्रपट

'द असेंट' या चित्रपटासाठी १९७७ च्या बर्लिन महोत्सवात 'गोल्डन बेअर' पटकावणाऱ्या दिग्दर्शिका लारिसा शेपित्को या क्लिमॉव्ह यांच्या पत्नी. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावावरील चित्रपटाचे काम सुरू असताना, जुलै १९७९ मध्ये, त्यांचे सहकाऱ्यांसह मोटार अपघातात निधन झाले. क्लिमॉव्ह यांनी 'लारिसा' (१९८०) या लघुपटातून त्यांना आदरांजली वाहिली आणि त्यांचा अपुरा राहिलेला चित्रपट 'फेअरवेल' या नावाने पूर्ण केला.

'कम अँड सी'

लेखक आलेस आदामोविच किशोरवयात बेलारूसमधील पार्टिझन लढ्यात होते. त्यांच्यासमवेत लिहिलेल्या पटकथेला प्रथम 'किल हिटलर' असे शीर्षक होते. चित्रपट खात्याच्या आक्षेपांमुळे ती अनेक वर्षे रखडली. १९४३ च्या बेलारूसमध्ये, पार्टिझनांना सामील होण्यासाठी घर सोडणाऱ्या फ्ल्योरा या मुलाचा चेहरा चित्रपटभर डोळ्यांदेखत म्हातारा होत जातो. नाझींनी ६२८ गावे रहिवाशांसह जाळली, याची नोंद अखेरीस पडद्यावर उमटते. शेवटी फ्ल्योरा हिटलरच्या तसबिरीवर गोळ्या झाडत असताना इतिहासाची दृश्ये उलटी धावू लागतात. आईच्या मांडीवरील बालक दिसताच मात्र त्याचा हात थांबतो. या संहारातही माणूसपण शिल्लक राहिले की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या थांबण्यात आहे. १९८५ च्या मॉस्को महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला; त्याच्या पुनरुज्जीवित आवृत्तीचा २०१७ मध्ये व्हेनिस येथे गौरव झाला.

इतरांसाठी मुक्ती

मे १९८६ मध्ये क्लिमॉव्ह सोव्हिएत चित्रपटकर्मी संघाचे प्रथम सचिव झाले. त्यांच्या कार्यकाळात नेमलेल्या समितीने अडकवून ठेवलेल्या चित्रपटांचा फेरविचार केला. कीरा मुरातोवा यांच्या 'द लाँग फेअरवेल'सारख्या कलाकृती त्यामुळे प्रेक्षकांपर्यंत पोहोचल्या. १९८८ मध्ये पदापासून दूर होऊन ते स्वतःच्या कामाकडे वळू पाहत होते. बुल्गाकोव्ह यांच्या 'द मास्टर अँड मार्गारिटा'वर चित्रपट करण्याचे त्यांचे स्वप्न होते. ते साकारले नाही. जे शक्य होते ते आपण करून चुकलो, असे सांगून त्यांनी पुढे चित्रपटातील रस संपल्याची कबुली दिली. इतरांचे चित्रपट कपाटातून बाहेर काढणाऱ्या या दिग्दर्शकाने 'कम अँड सी'नंतर एकही चित्रपट केला नाही.