जीभ टोचल्यानंतरचे दिवस

तिसऱ्या रात्री माझी जीभ तोंडात मावेना. टोचणाऱ्या मुलीने आधीच सांगितलं होतं, तीन ते पाच दिवस सूज राहील, म्हणून मुद्दाम लांब दांडी घालते आहे. ते ऐकताना मी शहाण्यासारखी मान डोलावली होती. रात्री दोन वाजता आरशासमोर फोनचा टॉर्च धरून उभी राहिले, तेव्हा लांब दांडीसुद्धा आखूड वाटायला लागली होती. 'स'चा 'थ' होत होता. आई या प्रकारानंतर माझ्याशी बोलतच नव्हती, त्यामुळे घरात उच्चारांवाचून कुणाचं अडलं नव्हतं.

झोप येईना. तोंडात बर्फाचा खडा ठेवून मी फोनवर दुसऱ्यांच्या जिभा शोधत बसले. मला हवं होतं ते अगदी साधं: माझ्याआधी ज्यांनी हे केलं, त्यांचं चौथ्या दिवशी काय झालं?

सगळ्यात आधी भेटली ती एक राणी. मेक्सिकोच्या चियापास राज्यात, उसुमासिंता नदीच्या वळणावर याशचिलान नावाचं माया लोकांचं शहर होतं. तिथल्या एका इमारतीच्या तीन दारांवर चुनखडीच्या आडव्या शिळा होत्या. आपल्याकडे गणेशपट्टी असते त्या जागी, पण कोरीवकाम खालच्या अंगाला. म्हणजे आत शिरताना मान वर केली तरच दिसणार. त्यातल्या एका शिळेवर गुडघ्यांवर बसलेली एक बाई आहे. नाव काबाल शोक. (उच्चार तसा आहे म्हणून सांगते, मराठी अर्थ लावू नका.) तिने जिभेतून काटेरी दोरी ओवली आहे आणि दोन्ही हातांनी ती खाली ओढते आहे. दोरीचं टोक गुडघ्यापाशी ठेवलेल्या टोपलीत पडतं, टोपलीत रक्त टिपलेले कागद आहेत. तोंडाभोवती रक्ताची वळणं कोरली आहेत. समोर तिचा नवरा, राजा इत्झामनाह बालाम, भली मोठी मशाल धरून उभा आहे. प्रसंग 709 सालचा.

मी चित्र मोठं करून करून पाहिलं. तिच्या झग्यावरची नक्षी इतकी बारीक आहे की कापडाचा पोत कळतो. चेहऱ्यावर मात्र काही नाही. ना कळ, ना भीती. माझ्या चेहऱ्यावर सुई जाताना काय होतं ते मला माहीत आहे, कारण मैत्रिणीने व्हिडिओ काढलाय.

ही शिळा आल्फ्रेड मॉडस्ले नावाच्या इंग्रजाने 1882 मध्ये तिथे पाहिली. वजन कमी व्हावं म्हणून तिची जाडी छाटली गेली आणि ती लंडनला नेण्यात आली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये, भिंतीवर, डोळ्यांसमोर आहे. मान वर करायची गरज उरलेली नाही.

या कथेत एक पाद्रीही आहे. दिएगो दे लांदा. युकातानमधल्या मानी गावी 1562 मध्ये माया लोकांचे ग्रंथ जाळणारा हाच, आणि पुढे त्यांच्या चालीरीतींची तपशीलवार नोंद करणाराही हाच. जीभ बाजूंनी तिरकी टोचतात आणि भोकांतून गवताच्या काड्या ओढतात, प्रचंड दुखतं, असं त्याने लिहिलं. आणि बायका मात्र असं रक्त काढत नाहीत, असंही लिहून ठेवलं. त्याच्या काळी, त्याच्या प्रदेशात तसं असेलही. पण त्याच्याआधी साडेआठशे वर्षं एक बाई याशचिलानच्या दारावर दोरी ओढत बसली होती. फक्त लांदाचंच पुस्तक उरलं असतं, तर ती आपल्याला कधीच कळली नसती.

एवढं सगळं वाचून झालं तरी माझा चौथा दिवस कुठेच सापडेना. शिळेवर टोचण्याचा क्षण आहे, पुढचा आठवडा नाही. ती काय जेवली, कशाने चूळ भरली, कोण तिच्याशी बोललं, काहीच नाही. तारखा मात्र सापडल्या. काबाल शोक 749 साली वारली. राजाच्याही नंतर सात वर्षांनी. म्हणजे त्या दोरीनंतर ती चाळीस वर्षं जगली. भरून आलेल्या जखमेचा एवढाच पुरावा मला मिळाला, आणि पहाटे चार वाजता तो पुरेसा वाटला.

तिच्या आणि माझ्या जखमेत एक मोठा फरक होता. तिला भोक नको होतं, रक्त हवं होतं. ते मिळालं की जखम बुजायला मोकळी. मला उलट भोकच हवं होतं. जखम भरायला तर हवी, पण बुजता कामा नये. दांडीच्या भोवतीने नवी त्वचा आतपर्यंत चढून एक बोगदा तयार व्हायला हवा. जिभेला यासाठी साधारण चार ते आठ आठवडे लागतात. मध्येच दांडी काढून ठेवली तर भोक काही तासांत आवळायला लागतं. जिभेला हाड नसतं हे आपण भलत्याच अर्थाने म्हणतो. खरी गंमत अशी की तिला रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून ती सुजतेही झपाट्याने आणि भरतेही झपाट्याने. टोचणारी माणसं बरोबर मधोमध का टोचतात, तेही यातच आहे. मोठ्या रक्तवाहिन्या दोन्ही बाजूंना असतात.

नेपाळात भक्तपूरजवळ बोडे गावात मात्र मला 'नंतर' सापडलं. तिथे दर वर्षी वैशाखाच्या सुरुवातीला जीभ छेदण्याची जत्रा भरते. एका माणसाच्या जिभेतून लोखंडी सळई घालतात, आणि तो खांद्यावर पेटत्या दिव्यांची बांबूची चौकट घेऊन गाव फिरतो. फेरी संपली की महालक्ष्मीच्या देवळात सळई काढतात आणि तिथलीच माती जखमेत भरतात. मातीचं वाचून माझा डॉक्टर मित्र किंचाळला. पण मला बरं वाटलं. कुणीतरी 'सळई काढल्यावर काय' हा प्रश्न विधीतच धरला होता.

आणि मग आजी आठवली. माझे कान बारशाला टोचले, नाक सातव्या वर्षी. सोनार आला, तार घातली, पैसे घेऊन गेला. सोनाराने कान टोचावेत हे खरं, पण टोचल्यानंतरचे पंधरा दिवस सोनाराचे नसतात. ते आजीचे होते. खोबरेल आणि हळद कोमट करून लावणं, तार हलकेच फिरवणं, पुढे तार काढल्यावर भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी घालणं. (आज तार फिरवू नका म्हणतात, त्याने आतली कोवळी त्वचा फाटते.) हे कुणी शिळेवर कोरलं नाही, कुठल्या पाद्र्यानेही लिहून घेतलं नाही.

ते छापलं जायला विसावं शतक संपत यावं लागलं. जिम वॉर्डने 1975 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये 'गॉन्टलेट' सुरू केलं, तीन वर्षांनी दुकान थाटलं. सुरुवातीचं गिऱ्हाईक बरंचसं समलिंगी पुरुषांचं. पुढे 1994 मध्ये अमेरिकेत व्यावसायिक टोचणाऱ्यांची संघटना झाली, आणि नंतर काय करायचं याची पत्रकं तिने छापली. माझ्या हातात पडलेला कागद त्याच घराण्यातला: अल्कोहोल नसलेला माउथवॉश, मिठाच्या पाण्याच्या चुळा, नवा टूथब्रश, गार आणि मऊ अन्न, तिखट, सिगारेट, दारू आणि चुंबनं बंद, दांडीशी खेळायचं नाही. पांढरट-पिवळा स्राव येईल, तो पू नव्हे. पण ताप आला, जबड्याखाली सूज आली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला तर थेट दवाखाना. ही भीती उगाच नाही. 1997 मध्ये 'ब्रिटिश डेंटल जर्नल'मध्ये अशाच छेदानंतर जबड्याखाली पसरलेल्या जंतुसंसर्गाचा एक रुग्ण नोंदवला गेला. या आजारात सूज श्वासनलिकेची वाट अडवू शकते. ते वाचून मी जबडा किती वेळा चाचपला याची मोजदाद नाही. मऊच होता.

सकाळी आजीने ताकभात केला, मीठ न घालता. "दाखव," म्हणाली. मी जीभ बाहेर काढली, निघेल तेवढी. तिने चष्मा वर करून पाहिलं.

"काडी घालायची नाही ना यात?"

"टायटॅनियम आहे, आजी." ऐकू आलं ते 'तायतानियम'.

"हळद?"

"नको."

तिला ते पटलं नाही, पण तिने फ्रिजमधून बर्फाचा ट्रे काढून दिला. आई ओट्यापाशी पाठमोरी होती. माझं नाक टोचताना मला कुणी विचारलं नव्हतं, हे मला त्या क्षणी तिला सांगायचं होतं. पण तेवढं लांब वाक्य त्या जिभेला झेपणारं नव्हतं.

तीन आठवड्यांनी सूज पूर्ण उतरल्यावर आखूड दांडी बसवून घेतली. ही पायरी बरेच जण टाळतात, आणि नंतर दातांच्या डॉक्टरकडे जातात. 2002 च्या एका छोट्या अभ्यासात, 52 टोचलेल्या जिभा तपासल्यावर, लांब दांडी दोन किंवा अधिक वर्षं घालणाऱ्या निम्म्या लोकांच्या खालच्या पुढच्या दातांमागची हिरडी मागे सरकलेली आढळली. मी आखूड दांडीवाली आहे, तरी सहा महिन्यांनी तपासून घेते.

त्याच संध्याकाळी मी आईला हाक मारली. 'स' परत आला होता. नाकाचं ते वाक्य मी पूर्ण म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मलाही कुणी विचारलं नव्हतं." आणि मिठाच्या पाण्याचा पेला माझ्यासमोर ठेवला.