मुरब्बी माणसाचे श्रेयांक

‘माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत,’ असं म्हणणारा माणूस खरं तर अर्जच करत असतो: माझं शिक्षण वर्गाबाहेर झालंय, तेही जमेस धरा. ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत,’ असं म्हणणारा तर मापही सांगून टाकतो. पावसाळा हे आपलं जुनं एकक. विद्यापीठाला ते चालत नाही, त्याला तास लागतात.

हे तासाचं माप शिक्षणशास्त्रापेक्षा पेन्शनच्या हिशेबाचं देणं अधिक आहे. १९०५ साली अँड्र्यू कार्नेगीने अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. पैसे कोणत्या कॉलेजांना द्यायचे हे ठरवताना, तिथे प्रवेश घेणाऱ्याचं शालेय शिक्षण किती झालेलं असावं याचं माप लागलं. एका विषयाचे वर्षाला १२० तास म्हणजे एक एकक, असं ते ठरलं. कॉलेजातलं ‘क्रेडिट’ही त्याच वळणावर गेलं. आपल्याकडच्या २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यातही वर्षाचे १२०० तास, ४० श्रेयांक, म्हणजे श्रेयांकाला ३० तास असाच हिशेब आहे. कामावरचा अनुभव मोजायची सोय त्यात आहे, पण मोजायचा तो याच मापाने.

‘क्रेडिट’ या मूळ शब्दात मात्र घड्याळ नाही. लॅटिन ‘क्रेडेरे’ म्हणजे विश्वास ठेवणं. आपली ‘श्रद्धा’ (श्रत् अधिक धा) त्याच कुळातली, अगदी सख्खी बहीण म्हणावी अशी. मराठीत या अर्थाला ‘पत’ हा रोकडा शब्द होता. गवंड्याच्या हाताला पत असते, सुईणीच्या शब्दाला पत असते. प्रमाणपत्र दोघांकडेही नसलं तरी चालतं. पण ‘पतांक’ म्हटलं की पतसंस्थेचा थकबाकीदार आठवणार, म्हणून की काय, ‘श्रेयांक’ आला. ‘श्रेयस्’ म्हणजे अधिक चांगलं. कठोपनिषदात ते ‘प्रेयस्’च्या समोर उभं आहे. आज मात्र श्रेय म्हटलं की उड्डाणपुलाच्या उद्‌घाटनाचे फलक आणि श्रेयवादाची लढाई. गंमत अशी, की २०२१मध्ये श्रेयांक साठवायला ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ निघाली. म्हणजे बँक आली, पत तेवढी शब्दातून गेली.

वर्गाबाहेर शिकलेल्यासाठी मराठीत सर्वांत सुंदर शब्द ‘मुरब्बी’. लोणच्यासारखा मुरलेला तो मुरब्बी, असं आपल्याला सहज वाटतं. पण ‘मुरणे’शी त्याचा संबंध नाही. अरबीत ‘मुरब्बी’ म्हणजे पालनपोषण करणारा, वळण लावणारा. ‘तरबियत’ त्याच्याच घरातली. मराठीत तो आधी आश्रयदाता होता, पुढे अनुभवी माणूस झाला. मूळचा शिकवणारा आपल्याकडे आपला आपण शिकलेला झाला! आणि मुरण्याचा भास अगदीच खोटा नाही: साखरेच्या पाकातला ‘मुरब्बा’ त्याच अरबी क्रियापदाचा, आणि आपण त्यात आंबा ऐकून ‘मुरांबा’ केला.

वर्गाबाहेरच्या या शिक्षणाला सरकारी मराठीत ‘पूर्वज्ञान’, ‘पूर्वशिक्षण’ अशी नावं दिसतात, आणि ती मला खटकतात. ‘पूर्व’ ऐकलं की पूर्वप्राथमिक आठवतं, खरं शिक्षण सुरू व्हायच्या आधीचं काहीतरी. तीस वर्षं मोटारी दुरुस्त करणाऱ्याचं ज्ञान कशाच्या पूर्वीचं? फ्रेंचांनी २००२च्या कायद्यात अशा शिक्षणाला ‘आकी’ म्हटलं, म्हणजे कमावलेलं. आपल्याकडे ‘अर्जित’ तयार आहे. नोकरदारांना तो अर्जित रजेमुळे चांगलाच ओळखीचा आहे, आणि ती रजा कुणाच्या मेहेरबानीने मिळत नाही, हेही त्यांना ठाऊक असतं.