फ्लॉरिडांतील गवताची नदी

दलदल म्हटली कीं डांस, हिवताप व दुर्गंधि एवढेंच सामान्यतः मनुष्याच्या डोळ्यांपुढें येतें. आणि अशी जमीन कोरडी करून तिच्यांत नांगर घालणें यासच दीर्घ काळ सुधारणा हें नांव मिळत आलें. ही समजूत किती महागांत पडते व ती बदलण्यास केवढी लोकचळवळ लागते, याचें उदाहरण अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानाच्या इतिहासांत सांपडतें.

या संस्थानांत ओकिचोबी नांवाचें विस्तीर्ण पण उथळ सरोवर आहे. किसिमी नदी त्यास येऊन मिळते. पूर्वीं पावसाळ्यांत सरोवर भरलें म्हणजे पाणी दक्षिण कांठावरून ओसंडे आणि सुमारें ६० मैल रुंदीच्या गवताळ प्रदेशांतून अगदीं मंद गतीनें समुद्राकडे जाई. या प्रदेशाचें नांव एव्हरग्लेड्स. वाटेंत गाळ खालीं बसे, पाणी निवळे आणि जमिनीखालच्या सच्छिद्र चुनखडकांत मुरे. मायामी शहराची तहान याच खडकांतील पाण्यावर भागते.

१९०४ सालीं नेपोलियन बोनापार्ट ब्रॉवर्ड हे गृहस्थ ही दलदल कोरडी करण्याचें वचन देऊन गव्हर्नराच्या निवडणुकींत विजयी झाले. कालवे निघाले, शेतें पिकूं लागलीं. परंतु उघडी पडलेली काळी माती वाळून खचूं लागली व अवर्षणांत पेटूं लागली. मायामीकडील विहिरींत समुद्राचें खारें पाणी शिरलें. १९२८ सालच्या सप्टेंबरांतील वादळांत तर सरोवराचा मातीचा बांध फुटून सुमारें २,५०० माणसें प्राणास मुकलीं. त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय शेतमजूर होते.

१९४७ सालीं मार्जरी स्टोनमन डग्लस या लेखिकेचें पुस्तक प्रसिद्ध झालें. एव्हरग्लेड्स ही निरुपयोगी दलदल नसून ती गवताची वाहती नदी आहे, असें त्यांत प्रतिपादन होतें. त्याच वर्षीं ६ डिसेंबर रोजीं अध्यक्ष ट्रूमन यांच्या हस्तें तेथील राष्ट्रीय उद्यानाचें उद्घाटन झालें. पण नदीचें शेवटचें टोंक राखून वरचा प्रवाह अडविला, तर त्याचा उपयोग काय? १९६२ ते १९७१ या काळांत वळणावळणांनीं वाहणारी १०३ मैलांची किसिमी नदी ५६ मैलांच्या सरळ कालव्यांत कोंडली गेली. कांठचीं पाणथळें आटलीं, पाणपक्षी बहुतांशीं नाहींसे झाले. उंसाच्या मळ्यांतील स्फुरद पाण्यांत उतरून मूळचें गवत हटलें व पाणकणीस माजलें.

१९६८ सालीं याच प्रदेशाच्या शेजारीं प्रचंड विमानतळाचें काम सुरू झालें. तेव्हां डग्लसबाईंनीं वयाच्या ७९ व्या वर्षीं, १९६९ सालीं, लोकांची संस्था काढली. शिकारी, पक्षिप्रेमी व मिकोसुकी जमातीचे मूळ रहिवासी एकाच पक्षास येऊन मिळाले, आणि १९७० सालीं एक धांवपट्टी झाल्यावर तें काम थांबलें. १९८८ सालीं मध्यवर्ती सरकारनें पाण्याच्या प्रदूषणाबद्दल संस्थानाच्या अधिकाऱ्यांवर दावा लावला. त्यांतून १९९४ चा कायदा निघाला. पण तो साखर कारखानदारांस फार सौम्य आहे असें वाटून, त्यास दिलेलें आपलें नांव डग्लसबाईंनीं काढावयास लावलें. १९९८ सालीं, १०८ वर्षांच्या होऊन, त्या वारल्या. पुढें २००० सालीं दोन्ही पक्षांच्या संमतीनें काँग्रेसनें एव्हरग्लेड्सच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. खर्चाचा निम्मा भार मध्यवर्ती सरकारनें व निम्मा संस्थानानें उचलावयाचा ठरला.

किसिमीचा कालवा खणण्यास ९ वर्षें लागलीं. त्यांतील कांहीं भाग बुजवून नदीस तिचीं जुनीं वळणें परत देण्याचें काम १९९९ सालीं सुरू झालें, तें २०२१ सालीं पुरें झालें. म्हणजे २२ वर्षें लागलीं, आणि तेंही सबंध नदीचें नव्हे. पाणथळ जागा बुजविण्याचा ठराव करणाऱ्या प्रत्येक सभागृहानें हा हिशेब आधीं मांडून पाहावा.