स्थानिक नेमणुका : कामण आणि वसई-विरार परिसर

स्थानिक स्वराज्य संस्थांतील पदाधिकारी कोण निवडतो, अधिकारी कोण नेमतो आणि समित्यांवर सदस्य कसे जातात, यासंबंधी पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यात लागू असलेले नियम. कामण हे वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या पूर्व कडेचे गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्ग सोडून चिंचोटीला वळले, की भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. वसई रोड-दिवा लोहमार्गावर ‘कामण रोड’ हे स्थानक आहे आणि जवळच कामणदुर्ग. या पट्ट्यात शहर आणि खेडे यांची कायदेशीर सीमा डोळ्यांना दिसत नाही. गोदामे, चाळी, वीटभट्ट्या दोन्हीकडे सारख्याच. पण सीमेच्या अलीकडे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चालतो आणि पलीकडे ग्रामपंचायत अधिनियम, १९५८. अलीकडे आयुक्त मंत्रालयातून नेमून येतो, पलीकडे सरपंच थेट मतपेटीतून येतो. नेमणुकांचे नियम समजून घ्यायला यापेक्षा सोयीची जागा नाही.

पूर्वेतिहास : पोर्तुगीज अमलात (१५३४–१७३९) वसईला नगरसभा होती. पोर्तुगीज नगरांच्या रिवाजाप्रमाणे पात्र व्यक्तींची नावे मेणाच्या गोळ्यांत बंद करून ठेवत आणि त्यातली गोळी लहान मुलाच्या हातून काढवत. आजही प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा चिठ्ठी काढायला शाळकरी मुलांनाच बोलावतात. मोठ्यांच्या हातावर विश्वास नसणे ही गोष्ट जुनी आहे. इंग्रजी अमलात लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ चे कायदे आले आणि नगरपालिका व लोकल बोर्डांवर काही सदस्य निवडून, काही सरकारने नेमून येऊ लागले. नेमलेल्यांत बहुधा जमीनदार, वकील आणि कलेक्टरच्या मर्जीतले असत. तालुका लोकल बोर्डे १९३८ मध्ये बंद झाली. महसुली पाटीलकीचा वंशपरंपरागत हक्क १९६२ च्या कायद्याने संपला. १९९० मध्ये वसई-विरार पट्ट्याचे नियोजन सिडको या सरकारी महामंडळाकडे गेले. सिडकोचे संचालक मंडळ शासन नेमते, म्हणजे जवळपास दोन दशके येथील बांधकाम परवानगीची किल्ली मतदाराच्या हाती नव्हती, ती मंडळाकडे होती. आजच्या वसईची घडण आणि बिघाड दोन्ही समजायला हे ध्यानात ठेवावे लागते.

महापालिकेची स्थापना ३ जुलै २००९ रोजी झाली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व ५३ ग्रामपंचायती तिच्यात विलीन झाल्या. एका अधिसूचनेने ५३ सरपंचांची पदे गेली आणि ग्रामसभेचे अधिकार संपले. गावांनी तीव्र विरोध केला. त्याच मुद्द्यावर सामाजिक कार्यकर्ते विवेक पंडित २००९ ची विधानसभा निवडणूक वसईतून जिंकले. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये शासनाने ती गावे महापालिकेतच ठेवायचे ठरवले. या भांडणाचा बराचसा जोर घरपट्टीवर होता, हे खरे. पण मुळाशी प्रश्न नेमणुकीचा होता. गावचा माणूस गावाने निवडायचा की गावाचा अधिकारी दुसऱ्या कोणी नेमायचा?

आयुक्त : महापालिकेची कार्यकारी सत्ता महापौराकडे नसून आयुक्ताकडे असते आणि आयुक्ताची नेमणूक कलम ३६ अन्वये राज्य शासन करते. तो भारतीय प्रशासन सेवेतलाच असावा, असे कलमात म्हटलेले नाही. मोठ्या महापालिकांत तो प्रघात पडला आहे. एका वेळची मुदत तीन वर्षांपर्यंत, पुढे वाढवता येते. प्रत्यक्षात बदलीचा आदेश कधीही येतो. सभागृहाच्या हाती एकच शस्त्र आहे : एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश मतांनी ठराव झाला, तर शासनाला आयुक्त परत घ्यावा लागतो. वसई-विरारच्या ११५ निर्वाचित सदस्यांत हा आकडा ७२ होतो. अतिरिक्त आयुक्तही शासनच देते. नगररचना विभागातले वरिष्ठ अधिकारी बहुधा राज्याच्या नगररचना खात्यातून प्रतिनियुक्तीवर येतात. ज्या शहरात अनधिकृत बांधकाम हा सर्वांत मोठा प्रश्न आहे, तेथे नकाशावर सही करणारा आणि हातोडा चालवायचा हुकूम देणारा, दोघेही बाहेरून आलेले असतात. नगरसेवक सभेत आरडाओरडा करू शकतो, त्यांना नेमू किंवा बदलू शकत नाही.

महापौर व उपमहापौर : नगरसेवक आपल्यातून अडीच वर्षांसाठी त्यांची निवड करतात (कलम १९). पद खुले की राखीव, हे चक्राकार पद्धतीने ठरते व त्याची सोडत मंत्रालयात नगरविकास विभाग काढतो. निवडीच्या सभेचे अध्यक्षस्थान शासनयंत्रणेने नेमलेला अधिकारी भूषवतो आणि मतदान हात उंचावून होते. त्याआधी प्रत्येक पक्ष कोकण विभागीय आयुक्तांकडे आपल्या नगरसेवकांची गटनोंदणी करतो. हा कागद वरवर रुक्ष, पण पुढचे सगळे त्यावर उभे असते. समित्यांतला वाटा, स्वीकृत सदस्यांची संख्या आणि १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियमाखाली पक्षांतराची कारवाई यांचा आधार गटनोंदणीच असतो. निकाल लागल्यावर नगरसेवकांना बसमध्ये भरून बेलापूरच्या कोकण भवनात नेतात, ते यासाठी.

समित्या : स्थायी समितीचे १६ सदस्य असतात (कलम २०). दरवर्षी निम्मे निवृत्त होतात. पहिल्या वर्षी कोण जाणार, हे चिठ्ठ्या टाकून ठरते. खर्चाची मोठी कामे येथूनच जातात, म्हणून ही जागा मिळवण्यासाठी पक्षांतर्गत चढाओढ महापौरपदाहून अधिक असते. या नेमणुका मतदानाने होत नाहीत. कलम ३१क नुसार प्रत्येक गटाला सभागृहातील बळाच्या प्रमाणात जागा मिळतात. सभेत गटनेता उठतो, बंद लिफाफा पीठासनाकडे देतो, नगरसचिव तो फोडून नावे वाचतात. चर्चा नाही, हरकत नाही. ज्याचे नाव आले नाही, त्याला ते त्या क्षणी कळते. हिशेब अपूर्णांकांचा असतो. ११५ च्या सभागृहात सात जणांच्या गटाचा वाटा ०.९७ निघतो, म्हणजे एक जागा जवळजवळ हक्काची. चौघांच्या गटाला मात्र शेजारच्या अपक्षांची मनधरणी करावी लागते. २०१५ मध्ये बहुजन विकास आघाडीचे १०६ नगरसेवक निवडून आले होते. तिचा स्थायी समितीतला वाटा सुमारे १४.७ होता. अशा सभागृहात लिफाफा हा उपचारच.

प्रभाग समित्या नऊ आहेत. त्या त्या भागातले नगरसेवक आणि प्रभागाचा अधिकारी त्यांचे सदस्य. याखेरीज त्या भागात काम करणाऱ्या स्वयंसेवी व लोकसंस्थांतले तीनपर्यंत सदस्य नेमण्याची तरतूद कलम २९क मध्ये आहे; ते त्या क्षेत्राचे मतदार असावे लागतात. कामणसारख्या टोकाच्या गावाला उपयोगी पडेल अशी ही तरतूद. एका चार सदस्यीय प्रभागात एका गावाचा आवाज दबतो, समितीत तो ऐकू येऊ शकतो. राज्यभरातला अनुभव असा, की या तीन जागांची आठवण कोणालाच सहसा होत नाही. वृक्ष प्राधिकरणाची गोष्ट थोडी वेगळी. १९७५ च्या कायद्याने त्याचे अध्यक्षपद आयुक्ताकडे आहे आणि नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी संस्थांचे जाणकारही त्यावर घेता येतात. तुंगारेश्वर अभयारण्याला लागून असलेल्या शहरात हे मंडळ शोभेपुरते राहू नये. शिक्षण मंडळे २०१३ मध्ये राज्यभर बरखास्त झाली. वसई-विरारमध्ये महापालिका झाल्यानंतरही प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिल्या, त्यामुळे शहरात राहणाऱ्या मुलांचे शिक्षक जिल्हा परिषद नेमत आली.

स्वीकृत सदस्य : राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-द ने महापालिका प्रशासनाचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्यांना सभागृहात आणण्याची मुभा दिली. अशा सदस्याला मताधिकार नाही. महाराष्ट्रात तो महापौर किंवा समितीचा सभापतीही होऊ शकत नाही. पूर्वी कमाल संख्या पाच होती. नव्या तरतुदीप्रमाणे निर्वाचित सदस्यांच्या १० टक्के किंवा १० यांतली कमी असेल ती संख्या, म्हणजे वसई-विरारला १०. अर्हता २०१२ च्या नियमांत दिली आहे. डॉक्टर, वकील, अभियंता, सनदी लेखापाल यांना प्रत्येकी पाच वर्षांच्या अनुभवाची अट आहे. निवृत्त प्राध्यापक, मुख्याध्यापक आणि पालिका प्रशासनात काम केलेले निवृत्त अधिकारी चालतात. शेवटचा प्रवर्ग नोंदणीकृत समाजसेवी संस्थेच्या पदाधिकाऱ्याचा. गटांच्या बळानुसार नावे येतात, आयुक्त कागदपत्रे तपासतो, गटनेत्यांशी सल्लामसलत करून शिफारस करतो आणि सभागृह नेमणूक करते.

नियम वाचताना वाटते, की सभागृहात दहा जाणते येऊन बसणार. व्यवहारात या शेवटच्या प्रवर्गाच्या दारातून पराभूत उमेदवार, तिकीट नाकारलेला कार्यकर्ता आणि नेत्याचा जवळचा माणूस आत येतो. संस्था नोंदणीकृत आहे, पदाधिकारी म्हणून पाच वर्षे नाव आहे. संस्थेने त्या पाच वर्षांत काय केले, हे विचारायची तयारी फारशी कोणी दाखवत नाही. आयुक्ताला तपासणीचा अधिकार आहे, पण ज्या सभागृहाशी त्याला जमवून घ्यायचे आहे, त्याच्या यादीवर तो लाल शेरा मारेल, अशी अपेक्षा नियम करणाऱ्यांनी का धरली, हे कळत नाही. संख्या पाचाची दहा केली, तेव्हाच हा प्रवर्ग घट्ट करायला हवा होता.

कर्मचारी : पदे किती व कोणती, हे शासनमान्य आकृतिबंध ठरवतो. भरतीची पद्धत सेवाप्रवेश नियमांत असते आणि आरक्षण बिंदूनामावलीने पाळले जाते. वरिष्ठ पदांवरील नेमणुका महापालिका सभेच्या, बाकीच्या आयुक्ताच्या अधिकारात. परीक्षा आता नामांकित कंपन्यांमार्फत संगणकावर होतात. याला दोन अपवाद आहेत : सेवेत मृत्यू पावलेल्याच्या वारसाला अनुकंपा नेमणूक आणि सफाई कामगारांच्या वारसांना लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार मिळणारी नोकरी. या दुसऱ्या तरतुदीचे आदेश शासनाने २४ फेब्रुवारी २०२३ रोजी एकत्रित केले. विलीन झालेल्या संस्थांचे कर्मचारी नव्या महापालिकेकडे वर्ग होतात. ग्रामपंचायतीचा शिपाई किंवा पाणी सोडणारा एका रात्रीत महापालिकेचा होतो खरा, पण आकृतिबंधात त्याचे पद बसवायला वर्षे जातात. उरलेले काम ठेकेदाराच्या माणसांवर चालते आणि त्यांच्या नेमणुकीला यांतला एकही नियम लागू नाही.

प्रशासकाचा काळ : दुसऱ्या सभागृहाची मुदत जून २०२० मध्ये संपली. आधी करोना, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणावरचा ४ मार्च २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि प्रभागरचनेचे वाद यांमुळे निवडणूक लांबत गेली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि राज्यातील २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. अनुच्छेद २४३-प म्हणतो, की मुदत पाच वर्षे, पुढे नाही. मात्र नवे सभागृह वेळेत आले नाही तर काय, यावर व्यवहाराने दिलेले उत्तर म्हणजे प्रशासक. साडेपाच वर्षे आयुक्तच स्थायी समिती होता, आयुक्तच सर्वसाधारण सभा होता. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. या काळात नगरसेवकाचे घर ओस पडले आणि लोक थेट प्रभाग कार्यालयात खेटे घालू लागले.

ग्रामपंचायतींची बाजू : तालुक्याच्या उरलेल्या गावांत ७ ते १७ सदस्य आणि सरपंच असतो. सरपंचाची थेट निवडणूक २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. मंत्रालयात सरकार बदलले की गावचा नियम बदलतो. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या सरपंचपदाच्या उमेदवाराला सातवी उत्तीर्ण असावे लागते. महिलांना निम्म्या जागा राखीव आहेत. तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे सरपंचपद अनुसूचित जमातींसाठी राखीव असते आणि १९९६ च्या पेसा कायद्यामुळे ग्रामसभेला जादा अधिकार आहेत. ग्रामसेवकाची नेमणूक जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी करतो. २०२४ पासून त्या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे.

अपात्रता आणि दाद : १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य जन्मले असल्यास दोन्ही कायद्यांखाली सदस्य अपात्र ठरतो. राखीव जागेवरून निवडून आलेल्याने जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत दिले नाही, तर त्याचे पद जाते. अनधिकृत बांधकाम स्वतः किंवा जोडीदाराने केले असल्यास नगरसेवकाला आणि सरकारी जागेवर अतिक्रमण केल्यास ग्रामपंचायत सदस्याला घरी बसावे लागते. वसई तालुक्यात हे कलम मनावर घेतले, तर पुष्कळ खुर्च्या रिकाम्या होतील. स्वीकृत सदस्याने जोडलेली अनुभवाची प्रमाणपत्रे आणि संस्थेचे कागद माहितीच्या अधिकारात मागता येतात. नगरसेवकाच्या निवडणुकीला आव्हान द्यायचे असेल, तर निकाल प्रसिद्ध झाल्यापासून दहा दिवसांच्या आत न्यायालयात अर्ज करावा लागतो.