घरकुल, नझूल आणि मुख्याधिकारी: नगरपालिकेच्या अधिकाऱ्याला गृहनिर्माण कोणी शिकवले?

१/
शहरी गृहनिर्माणाचा इतिहास बहुधा मुंबईच्या चाळींपासून सुरू होतो आणि मुंबईच्याच टोलेजंग इमारतींपाशी संपतो. आज तो वाशीमच्या बाजूने वाचू या. गरिबाच्या घराचे धोरण दिल्लीत किंवा मुंबईत ठरते. ते अंमलात आणतो नगरपरिषदेतला अधिकारी. हे काम त्याला कोणी शिकवले, केव्हा शिकवले आणि कोणते शहर डोळ्यांसमोर ठेवून शिकवले, याचा हा धागा.

२/
आधी आजची स्थिती. २५ जून २०१५ रोजी प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग सुरू झाला. तिचे चार घटक होते. लहान गावांना त्यांतला एकच खऱ्या अर्थाने मानवला: ज्याची जागा आहे त्याने आपले घरकुल स्वतः बांधावे, त्यासाठी केंद्राने दीड लाख आणि राज्याने एक लाख रुपये द्यावेत. बांधकाम जसे पुढे सरकेल तसे छायाचित्र घ्यायचे, स्थानाची नोंद करायची आणि हप्ता थेट बँक खात्यात जमा करायचा.

३/
अट एकच, पण कठीण. जागा अर्जदाराच्या नावावर हवी. विदर्भातल्या गावोगावी अशी कुटुंबे आहेत की ज्यांच्या दोन पिढ्या एकाच जागेवर नांदल्या. घरपट्टी भरली, विजेचे मीटर आले, मुलांच्या दाखल्यांवर तोच पत्ता लागला. मात्र दप्तरात त्या जागेसमोर नाव शासनाचे. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. त्यामुळे सर्वांत गरजू माणूस यादीत पात्र आणि कागदावर अपात्र ठरतो.

४/
या ‘शासनाच्या जागे’ला विदर्भात जुने नाव आहे: नझूल. शहरहद्दीतली सरकारी मालकीची जमीन म्हणजे नझूल. ती भाडेपट्ट्याने देण्याची पद्धत आहे. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला मिळकत पत्रिका म्हणतात, त्या उताऱ्याला इकडे आखीव पत्रिका म्हणतात. शब्दच वेगळे, कारण इतिहास वेगळा. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. मुंबई इलाख्याशी त्याचा कारभारी संबंध नव्हता.

५/
वाशीम हे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले प्राचीन वत्सगुल्म. इंग्रजी अमदानीत ‘बासीम’ हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून वाशीम अकोला जिल्ह्यात घातले गेले. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. मधली ९३ वर्षे जिल्ह्याची कचेरी अकोल्यात होती, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर दूर. एखाद्या गावातल्या सरकारी जागेचा निर्णय करणारे टेबल इतके लांब असण्याचा अर्थ पुढे कळेल.

६/
आता मुंबईकडे वळू, कारण शिक्षणाची सुरुवात तिथे झाली. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग उद्भवला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढायचे आणि हवा खेळती करायची, हा त्याचा कार्यक्रम. घरे पाडण्याचा वेग मोठा होता. त्या मानाने हटवलेल्यांसाठी बांधलेली घरे अपुरी पडली. सरकारी अधिकाऱ्याने घराकडे पाहण्याची पहिली दृष्टी अशी रोगाच्या भीतीतून घडली.

७/
या दृष्टीला विरोध करणारा शिक्षकही त्याच काळात मुंबईत आला. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याचे सांगणे असे की वस्ती सरसकट पाडू नये. घरोघर फिरून पाहणी करावी, अगदी मोडकळीला आलेले तेवढेच काढावे, बाकीचे जपावे. नकाशा काढण्याआधी पायी फिरा, ही त्याची शिकवण. ती विद्यापीठात रुजली. नगरपालिकांच्या कचेऱ्यांत मात्र फारशी पोहोचली नाही.

८/
कचेऱ्यांपर्यंत पोहोचली ती दुसरी संस्था. १९२६ मध्ये मुंबईत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कारभाराचे शिक्षण देणारी संस्था निघाली. आज ती अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था म्हणून ओळखली जाते. कारकून, कर निरीक्षक, स्वच्छता निरीक्षक यांच्यासाठी तिने अभ्यासक्रम चालवले. महाराष्ट्रातल्या नगरपालिकांमध्ये या संस्थेची पदविका मिळवलेला माणूस भेटतोच. लेखा, कर, सभेचे कामकाज आणि स्वच्छता हा त्या शिक्षणाचा कणा होता.

९/
यात घर कुठे होते? कर आकारणीचा विषय म्हणून, किंवा आरोग्याला धोका म्हणून. राहणाऱ्याचा हक्क म्हणून घराचा विचार करणे हे त्या वेळी नगरपालिकेचे कामच मानले जात नव्हते. घरे बांधणे हा वेगळ्या मंडळांचा प्रांत ठरला. १९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ आले, विदर्भासाठी पुढे निराळे मंडळ होते. १९७७ मध्ये ही मंडळे एकत्र करून म्हाडा उभे राहिले. वाशीम त्याच्या अमरावती मंडळात येते.

१०/
स्वातंत्र्यानंतरच्या दशकात जगभर एकच घाई होती: घरे लवकर आणि भरपूर बांधा. या घाईचा धडा भारतातच एकाने घेतला. ओटो कोनिग्सबर्गर हा जर्मनीतून निर्वासित झालेला वास्तुविशारद १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानात आला आणि १९४८ ते १९५१ या काळात भारत सरकारचा गृहनिर्माण संचालक होता. फाळणीच्या निर्वासितांसाठी दिल्लीत कारखान्यात तयार भिंती बनवून घरे जोडण्याचा प्रयोग त्याने केला. प्रयोग फसला आणि त्यावर टीका झाली.

११/
कोनिग्सबर्गर लंडनला गेला आणि पुढे शिक्षक झाला. उष्ण कटिबंधातील देशांच्या वास्तुविशारदांसाठी १९५४ मध्ये तिथे सुरू झालेला विभाग त्याने नावारूपाला आणला; १९७१ मध्ये त्याचेच रूपांतर लंडन विद्यापीठातील विकास नियोजन केंद्रात झाले. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतले अधिकारी तिथे शिकले. वीस वर्षांचा सुबक आराखडा करत बसण्यापेक्षा हातात असलेल्या साधनांनी लगेच काय करता येईल ते पाहा, हा त्या शिक्षणाचा गाभा. दिल्लीतल्या अपयशाची फी अशी सत्कारणी लागली.

१२/
हॉलंडमध्ये रॉटरडॅमला १९५८ पासून असाच अभ्यासक्रम चालत होता. भारतात १९७० मध्ये हुडको स्थापन झाले. ते गृहनिर्माणाला कर्ज देणारे सरकारी महामंडळ. कर्ज दिले तरी ते वापरायचे कसे हे नगरपालिकांना ठाऊक नाही, हे लवकरच उघड झाले. म्हणून हुडकोने १९८५ मध्ये दिल्लीत मानवी वसाहतींच्या व्यवस्थापनाची प्रशिक्षण संस्था काढली आणि डच संस्थेच्या सहकार्याने अभ्यासक्रम आखले.

१३/
देशांतर्गत व्यवस्थाही हळूहळू उभी राहत होती. नगरपालिका कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या नूरुद्दीन अहमद समितीने १९६३ मध्ये अहवाल दिला. १९६८ मध्ये मुंबईत अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेत नागरी व पर्यावरण अभ्यासाचे प्रादेशिक केंद्र सुरू झाले. राज्य सरकारची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था मुंबईहून पुण्याला आली आणि १९९० मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या नावाने ‘यशदा’ झाली.

१४/
अधिकाऱ्याचे पदही याच काळात घडले. महाराष्ट्र नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा आणि प्रादेशिक नियोजन व नगररचनेचा कायदा १९६६ चा. या दोन कायद्यांनी विदर्भातली गावे आणि पश्चिम महाराष्ट्रातली गावे एका चौकटीत आली. नगरपरिषदेला मुख्याधिकारी मिळाला, विकास आराखडा तयार करणे बंधनकारक झाले. पण जमिनीची मालकी आणि तिचे दप्तर महसूल खात्याकडेच राहिले. घर नगरपरिषदेचे, जमीन तहसीलदाराची, मोजणी भूमी अभिलेखची, नकाशा नगररचनेचा.

१५/
प्रशिक्षणाला मोठी चालना पुन्हा मुंबईनेच दिली. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. चारकोप, गोराई येथे पाणी, रस्ते, गटारे केलेले भूखंड दिले गेले. घर ज्याने त्याने बांधायचे. झोपडपट्टी सुधारणेच्या भागात रहिवाशांच्या सहकारी संस्थांना जमीन भाडेपट्ट्याने देण्याची तरतूद होती. अधिकारी प्रथमच असे शिकत होते की सरकारने भिंती न बांधता जमीन आणि नळ दिले तरी घर उभे राहते.

१६/
पण १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले आणि पाठ बदलला. विकासकाने झोपडीधारकाला मोफत घर द्यावे आणि वाढीव चटईक्षेत्र विकून खर्च भरून काढावा, हे सूत्र. मुंबईत जमिनीला सोन्याचा भाव असल्यामुळे ते निदान हिशेबात तरी बसते. जिथे बहुतेक घरे एक-दोन मजल्यांची आहेत आणि वरच्या मजल्याला गिऱ्हाईक नाही, त्या वाशीम, रिसोड, मंगरुळपीरमध्ये या सूत्रातून एक खोलीही निघत नाही.

१७/
तरीही राज्यात ‘गृहनिर्माण धोरण’ म्हटले की चर्चा चटईक्षेत्राचीच होते. यामागे राज्यघटनेतही एक दुवा सापडतो. ग्रामपंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत ‘ग्रामीण गृहनिर्माण’ हा विषय नावाने आहे. १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना बारावी अनुसूची दिली. तिच्या १८ विषयांत नगररचना आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे, दारिद्र्य निर्मूलन आहे, पण ‘गृहनिर्माण’ हा शब्द स्वतंत्रपणे नाही.

१८/
योजना मात्र येत राहिल्या. २००१ मध्ये वाल्मिकी आंबेडकर आवास, २००५ नंतर लहान शहरांसाठी एकात्मिक गृहनिर्माण व झोपडपट्टी विकास कार्यक्रम, राज्याची रमाई आवास, मग २०१५ ची योजना. प्रत्येक वेळी नवे अर्ज, नवे संगणकीय संकेतस्थळ, नवी कार्यशाळा. अशा कार्यशाळेत माहिती कशी भरावी हे सांगता येते. ‘जागा शासनाची आहे’ असा शेरा मारलेली फाईल पुढे कशी न्यावी, हे एका दिवसात शिकता येत नाही.

१९/
या गाठीवर राज्याने हात घातला तो २०१८ मध्ये. ‘सर्वांसाठी घरे’ या धोरणाखाली शहरांतील सरकारी जागांवरची ठरावीक तारखेपूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करून पट्टे देण्याचा निर्णय झाला. कागदावर हा निर्णय फार मोलाचा होता. पण एक पट्टा निघायला वस्तीची मोजणी, घरनिहाय नकाशा, आराखड्यातल्या आरक्षणाची पडताळणी, रहिवासाचे पुरावे आणि महसुलाची मंजुरी लागते. म्हणजे चार कचेऱ्यांनी एका टेबलाभोवती बसायचे.

२०/
आता पाचव्या भागातली ९३ वर्षे आठवा. सरकारी जागेचा प्रश्न जिल्ह्याच्या ठिकाणी सुटतो. आणि वाशीमला जिल्ह्याचे ठिकाण मिळून जेमतेम पाव शतक झाले आहे. २०१८ मध्येच केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली. महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत वाशीम होता. अशा जिल्ह्यात पदे रिकामी राहतात, बदल्या लवकर होतात. मुख्याधिकाऱ्याला गावच्या नझूलची ओळख होते न होते तोच तो पुढच्या गावी निघालेला असतो. शिकलेले माणसाबरोबर जाते, फाईल मागे राहते.

२१/
एक आशेची बाब आहे. राज्यसेवेतून निवडले गेलेले उपजिल्हाधिकारी, तहसीलदार आणि मुख्याधिकारी यांना यशदाच्या व्यवस्थेत काही काळ एकत्र प्रशिक्षण मिळते. ज्याच्याकडे पुढे जमीन असणार आणि ज्याच्याकडे घर असणार, ते दोघे एका बाकावर बसतात. त्या बाकावर एखाद्या खऱ्या वस्तीची आखीव पत्रिका, मोजणी नकाशा आणि आराखडा ठेवून पट्टा निघेपर्यंतचा प्रवास त्यांच्याकडून करून घेतला, तर शंभर पानांच्या मार्गदर्शक सूचनांहून ते अधिक टिकेल.

२२/
शतकभराच्या या शिक्षणाचा क्रम पाहिला तर प्रत्येक काळाने अधिकाऱ्याला आपली चिंता शिकवली. प्लेगने स्वच्छता शिकवली, फाळणीने उत्पादन, हुडकोने कर्ज, मुंबईच्या बाजारभावाने चटईक्षेत्र. यांतले काहीच टाकाऊ नाही. पण वऱ्हाडातल्या लहान शहराची चिंता आहे जमिनीच्या कागदाची, आणि ती कोणत्याही अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर आली नाही.

२३/
१ सप्टेंबर २०२४ पासून प्रधानमंत्री आवास योजनेचा दुसरा शहरी टप्पा सुरू झाला. पाच वर्षांत देशभरात एक कोटी कुटुंबे हे लक्ष्य आहे. भूमिहीनांना राज्यांनी पट्टे देऊन सामावून घ्यावे, अशी वाट त्यातही ठेवली आहे. आपल्या गावच्या नगरपरिषदेत किती अर्ज आले हा आकडा सगळे विचारतात. त्याच्या जोडीने आणखी एक विचारा: जागेच्या कागदावाचून किती अर्ज अडले, आणि ते सोडवण्यासाठी चार कचेऱ्या एकत्र कधी बसल्या? या प्रश्नाचे उत्तर ज्या गावाला देता येईल, तिथली घरकुले उभी राहतील.

(धागा समाप्त)